पहिल्या सलाइनच्या आधी

१९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना आढळले, की ग्लिसरिन घातले तर कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवूनही जिवंत राहतात. १९५३ मध्ये गोठवलेल्या मानवी शुक्रजंतूंपासून गर्भधारणा झाल्याची बातमी अमेरिकेतून आली. साठच्या दशकात चार औषधांच्या उपचाराने हॉजकिन्सचे रुग्ण बरे होऊ लागले; पण त्यांतले बहुतेक पुरुष वंध्य झाले. जीव वाचला, हेच तेव्हा मोठे होते. १९९२ पासून एकच शुक्रजंतू बीजांडात टोचूनही मूल होऊ लागले. म्हणजे आजारी मुलाचा थोडका नमुनाही उपयोगी; मात्र तो केमोथेरपीच्या आधी घ्यायला हवा.

वयात आलेल्या मुलाला हे विचारायचे कोणी? आमच्या घरात अब्बा खाली पाहतात, तुमच्या घरात बाबा. मी कवी, शब्दांवर माझी भिस्त. म्हणून सांगतो, लाज बाजूला ठेवा आणि मुलालाच विचारा.