मुलींची बांबूउडी : ॲनसीचा तक्ता

खेळांच्या इतिहासात विजेत्यांची नावे राहतात, हरलेल्यांचे आकडे कुणी वाचत नाही. मला मात्र निकालांचे तक्ते खालच्या ओळीपर्यंत वाचण्याची खोड आहे. त्या खोडीमुळेच 1998 सालच्या जागतिक कनिष्ठ मैदानी स्पर्धेतली एक ओळ माझ्या डोक्यात रुतून बसली. स्पर्धा फ्रान्समधल्या ॲनसीची, खेळ मुलींच्या बांबूउडीचा. रशियाची सोळा वर्षांची येलेना इसिनबायेवा 4.00 मीटर उंची पार करते आणि पदकापासून दहा सेंटिमीटर दूर राहते.

एवढ्यात विशेष ते काय, असे वाटेल. पण जरा सहा वर्षे मागे जाऊ. 1992 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने महिलांच्या बांबूउडीचा पहिला अधिकृत विश्वविक्रम नोंदवला. तो चीनच्या सुन कायुनचा, 4.05 मीटर. म्हणजे सहा वर्षांपूर्वी जी उंची जगात सर्वोच्च होती, तिच्याहून पाचच सेंटिमीटर कमी उडी मारणारी शाळकरी मुलगी आता पदकाच्याही जवळ नव्हती. एखादा खेळ इतक्या झपाट्याने वाढतो, तेव्हा आधी तो कुणीतरी अडवून धरलेला असतो, असे माझे मत आहे.

अडवून धरला होताच. पुरुषांची बांबूउडी 1896 च्या पहिल्या ऑलिंपिकपासून आहे. महिलांना मैदानी खेळांत प्रवेश मिळाला 1928 मध्ये, तिहेरी उडी मिळाली 1996 मध्ये, आणि बांबूउडीसाठी 2000 चे सिडनी उजाडावे लागले. कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा 1986 साली अथेन्सला सुरू झाली, तरी पहिल्या सहा स्पर्धांत मुलींना हा खेळ नव्हता. ॲनसीची सातवी. बायकांच्या खांद्यांत तेवढे बळ नसते, हा समज त्यामागे होता.

हा समज हिशेबातही टिकत नाही. या खेळात उंची मुख्यतः धावण्याच्या वेगातून येते. सेकंदाला आठ मीटर वेगाने धावणारीचा सगळा वेग उंचीत बदलला, तर तिचा गुरुत्वमध्य सुमारे सव्वातीन मीटर वर जाईल. तो जमिनीपासून आधीच मीटरभर उंच असतो. म्हणजे सव्वाचार मीटर झालेच. काही ऊर्जा वाया जाते, काही हातांनी ढकलून मिळते, पण पाया धावेचाच. आपण मराठीत अजून ‘बांबूउडी’ म्हणतो. 1940 साली अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने पंधरा फूट ओलांडले ते खऱ्या बांबूवरच. आजचा फायबरग्लासचा दांडा वाकतो, धावेची ऊर्जा साठवतो आणि परत देतो. नाव बांबूचे राहिले, बांबू गेला.

वर गेल्यावर मात्र डोके खाली, पाय वर करून अंग वळवायचे असते. तिथे उपयोगी पडते जिम्नॅस्टिक्स. म्हणून पहिल्या पिढीतल्या मुली कुठून आल्या ते पाहण्यासारखे आहे. 1995 मध्ये विश्वविक्रम करणारी चेक डॅनिएला बार्तोव्हा मूळची जिम्नॅस्ट. ऑस्ट्रेलियाची एमा जॉर्ज लहानपणी सर्कशीत झोपाळ्यावर काम करत असे. इसिनबायेवा पाच ते पंधरा वर्षांपर्यंत व्होल्गोग्राडला जिम्नॅस्टिक्स शिकली आणि उंची जास्त वाढली म्हणून त्यातून बाहेर पडली. एका खेळाने नको म्हटलेली ती लांब शरीरयष्टी दुसऱ्याला हवीच होती.

या खेळात मुलींपुढे अनुभवी थोरल्या नव्हत्याच. 1996 मध्ये स्टॉकहोमच्या युरोपीय इनडोअर स्पर्धेत आइसलंडच्या वाला फ्लोसादोत्तिरने 4.16 मीटरवर सुवर्ण घेतले, तेव्हा ती नुकती अठराची झाली होती. कनिष्ठ वयाची मुलगी वरिष्ठांची विजेती! चार वर्षांनी तीच सिडनीत 4.50 मीटरवर ऑलिंपिकचे कांस्यपदक घेऊन गेली. सुवर्ण अमेरिकेच्या स्टेसी ड्रॅगिलाचे, 4.60.

त्याच सिडनीत इसिनबायेवा पात्रता फेरीतच बाद झाली. महिनाभरातच, ऑक्टोबरमध्ये, चिलीतल्या सांतियागोला तिने 4.20 मीटरवर कनिष्ठ गटाचे जागतिक सुवर्ण जिंकले. पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे: 2005 मध्ये लंडनला पाच मीटर, 2009 मध्ये झुरिकला 5.06.

मला जास्त बोलके वाटतात ते मधले आकडे. 2012 मध्ये बार्सिलोनाच्या कनिष्ठ स्पर्धेत स्वीडनच्या अँजेलिका बेंग्त्सनने 4.50 मीटरवर सुवर्ण घेतले. सिडनीत ऑलिंपिक पदक मिळवून देणारी उंची बारा वर्षांत मुलींच्या गटात आली. आणि आपल्याकडे? 2022 मध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत रोझी मीना पॉलराजने व्ही. एस. सुरेखाचा 4.15 मीटरचा विक्रम मोडला. तिची उडी होती 4.20 मीटर, बरोबर सांतियागोतल्या त्या अठरा वर्षांच्या मुलीएवढी.