पाणी दिलं, पण खारट

१९४४चा करार वाचताना मला आमची रिक्वायरमेंट डॉक्युमेंट्स आठवली. आकडा पक्का, क्वालिटीबद्दल अवाक्षर नाही! कोलोरॅडो नदीचं वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी अमेरिकेनं मेक्सिकोला द्यायचं, बस्स. १९६१ला ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉकच्या शेतांखालचं खारट पाणी उपसून नदीत सोडायला लागले आणि मेहिकालीच्या शेतांची वाट लागली. शेतकरी रस्त्यावर उतरले. अमेरिकेचं म्हणणं, मोजून तर दिलंय की!

शेवटी ऑगस्ट १९७३ला ‘मिनिट २४२’ झालं. मोरेलोस धरणावरचं पाणी वरच्या इंपीरियल धरणापेक्षा फार तर ११५ पीपीएम जास्त खारट चालेल, त्यात ३०चा फरक माफ. त्यासाठी युमाला क्षार काढणारा प्रकल्प बांधला. तो १९९२ला तयार झाला, पण जेमतेमच चालला. खारट पाणी कालव्यानं थेट मेक्सिकोतल्या सांता क्लारा पाणथळीत जात राहिलं. ती फोफावली, पक्षी आले. आता प्रकल्प पूर्ण चालवायचा, तर तिचंच पाणी तुटणार.