तोफ, घंटा आणि बुश

पुण्याजवळच्या भोसरीच्या एखाद्या ओतशाळेत जाऊन, शाफ्टभोवती बसवायला ‘ब्राँझची बुश हवी आहे’ एवढेच सांगितले, तर समोरचा माणूस लगेच विचारतो: गनमेटल, फॉस्फर ब्राँझ की ॲल्युमिनियम ब्राँझ? प्रश्न साधा आहे, पण तो या धातूच्या चार हजार वर्षांच्या वाटचालीतून आलेला आहे. त्या वाटेने आपण जरा मागे जाऊ.

१९७४ साली प्रवराकाठच्या दायमाबादला जमीन खणताना चार धातुशिल्पे वर आली: बैलांचा रथ हाकणारा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. बहुतेक अभ्यासक त्यांना उत्तर-हडप्पा काळात नेतात, काही जण त्या काळाविषयी शंकाही घेतात. सारे जग त्यांना ‘दायमाबादची ब्राँझ शिल्पे’ म्हणते. ब्राँझ म्हणजे एरवी तांबे आणि कथील; मात्र या धातूची तपासणी झाली तेव्हा तांब्याच्या जोडीला एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले. आर्सेनिकाने तांबे कठीण होते, ओतायलाही सोपे जाते. कथील हाती येण्याआधी जगात अनेक ठिकाणी हीच युक्ती वापरली गेली, आणि कथिलाने ती मागे टाकल्यावर लोक तिला विसरले.

कथील या भूमीत दुर्मिळच होते. तांबे खाणीतून निघे, कथील दूरदेशाहून येई. म्हणून हा धातू पहिल्यापासूनच व्यापाराचा धातू होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४ साली सापडलेली पॉसायडन या सागरदेवतेची छोटी मूर्ती ही त्याचीच खूण. ती भूमध्य समुद्राकडची, ब्राँझची. घाट ओलांडून ती पंचगंगेच्या काठापर्यंत आली होती. पुढे आपल्याकडच्या कारागिरांनी प्रमाण पक्के केले. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात काशासाठी, म्हणजे तांबे-कथिलाच्या ब्राँझसाठी, आठ भाग तांबे आणि दोन भाग कथील असे माप दिले आहे. हे आठास दोन लक्षात ठेवू, कारण ते पुन्हा भेटणार आहे, आणि तेही अगदी अनपेक्षित जागी.

ती जागा म्हणजे अहमदनगरची निजामशाही. १५४९ साली महंमद बिन हसन रूमी या ओतकाम करणाऱ्याने तेथे एक तोफ ओतली. लांबी चौदा फुटांच्या आसपास, वजन सुमारे ५५ टन, आणि तोंडाशी हत्तीला जबड्यात धरलेला सिंह. ही मुलूखमैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ साली विजापूरला गेली आणि आजही तेथील बुरुजावर आहे. तिच्या धातूचे पृथक्करण झाले तेव्हा शंभरात सुमारे ८० भाग तांबे आणि २० भाग कथील निघाले. आठास दोन! ताटवाटीचे काशे आणि या अजस्र तोफेचे काशे एकाच मापाचे. युरोपात तोफेच्या धातूत कथील साधारण दहा टक्क्यांवर थांबवत, कारण त्यापुढे धातू टणक होतो तसा ठिसूळही होतो. रूमीने दुप्पट घातले आणि तरी तोफ टिकली. एवढा रस एका साच्यात भरण्यासाठी किती भट्ट्या एकाच वेळी तापलेल्या ठेवाव्या लागल्या असतील, हा विचार मला दरवेळी स्तिमित करतो. १८५४ साली इंग्रज अंमलदारांनी ही तोफ निरुपयोगी सामान म्हणून लिलावात काढली. सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची लागली. सुदैवाने तो व्यवहार रद्द झाला.

आता भोसरी-देहूच्या आपल्या पट्ट्याकडे वळू.   १६८५ साली नारायण महाराजांनी देहूहून तुकोबांच्या पादुकांचा पालखी सोहळा सुरू केला. आकुर्डीला पालखी मुक्कामाला येते तेव्हा हजारो हातांत वाजतात ते टाळ पिढ्यान्‌पिढ्या काशाचेच. जास्त कथिलाने आलेला टणकपणा तोफेला घातक, पण नादाला तोच हवा. म्हणून घंटेच्या धातूत कथील शेकडा वीस-बावीसपर्यंत जाते.

घंटांची कथाही जवळच्याच खेड तालुक्यात येते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिकडच्या पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या. भीमाशंकरच्या देवळासमोर टांगलेल्या घंटेवर १७२९ हे साल आणि क्रूस आजही दिसतो. नाशिकला नारोशंकराच्या देवळातील घंटा १७२१ सालची. युरोपातील लढायांत घंटा वितळवून तोफा ओतल्याची उदाहरणे ढीगभर आहेत. आपल्या लोकांनी या घंटा भट्टीत घातल्या नाहीत, देवासमोर टांगल्या. या निर्णयाचे मोल आपल्या इतिहासलेखनात पुरेसे झालेले नाही, असे मला वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादाने तोफखान्यातून ब्राँझला बाहेर काढले. ८८ भाग तांबे, १० कथील आणि २ जस्त असा तो तोफेचा धातू ‘गनमेटल’ हे नाव घेऊन वाफेच्या यंत्रांत, झडपांत आणि बुशांत शिरला. १८७० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये फॉस्फर ब्राँझ पुढे आले. ॲल्युमिनियम ब्राँझने तर कथिलाशिवायच हे नाव घेतले. दायमाबादचेच वळण, नव्या धातूने.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळावर गाळे उठले. मोठ्या वाहन कारखान्यांभोवती छोट्या ओतशाळा आणि लेथची दुकाने वसली. कनेक्टिंग रॉडच्या लहान टोकात, किंगपिनभोवती, गिअरबॉक्समध्ये ब्राँझची बुश बसते. पोलादी शाफ्टपेक्षा ती मऊ असते, त्यामुळे झीज तिची होते आणि महागडा शाफ्ट वाचतो. पोलादी वर्मबरोबर फॉस्फर ब्राँझचे वर्म व्हील जोडतात तेही याच कारणाने. छोट्या मोटरींत तांबे-कथिलाची भुकटी दाबून भाजलेली सच्छिद्र बुश असते. तिच्या छिद्रांत आधीच तेल भरलेले असल्याने बाहेरून वंगण द्यावे लागत नाही. बुशांच्या ब्राँझमध्ये शिसेही घालत, कारण तेलाचा थर क्षणभर तुटला तरी ते पृष्ठभाग सांभाळते. युरोपीय संघाने नव्या मोटारींच्या इंजिनांतील बुशांसाठी शिशाची ही सवलत २०११ च्या जुलैपासून बंद केली, आणि बिस्मथासारखे पर्याय आले. सहस्रके चाललेल्या या मिश्रणाचे माप असे आजही बदलते आहे.

झिजलेली बुश आणि लेथवरचा चुरा भंगारात जातो. चिखली-कुदळवाडीच्या बाजूला या भंगाराची मोठी बाजारपेठ उभी राहिली. कानस मारून आतला रंग पाहायचा आणि लालसर गनमेटल पिवळ्या पितळेपासून निराळे काढायचे, हे काम डोळ्याचे आहे. ॲल्युमिनियम ब्राँझचा तुकडा मात्र कसोशीने वेगळा करावा लागतो. गनमेटलच्या रसात थोडे जरी ॲल्युमिनियम मिसळले, तरी त्यातून ओतलेली झडप दाबाखाली गळू लागते.