तळटीप : 'आमचे वाडीकर देसाई'

* 'आमचे वाडीकर देसाई' : संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५). जन्म कुडाळजवळच्या सोनवड्याचा. हा मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानात होता आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १९८१ मध्ये, म्हणून लेखकाचे 'वाडीकर' बरोबरच आहे. कोल्हापूरला 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करत ते घडले, पुढे व्ही. शांताराम यांच्याबरोबर 'राजकमल'मध्ये आले. 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ' हे चित्रपट सर्वांना ठाऊक आहेत. 'झनक झनक'च्या शीर्षकगीतासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा आवाज घेतला, तर 'गूँज उठी शहनाई'त सनई बिस्मिल्ला खाँची. रागदारी पातळ न करता ती चारचौघांच्या ओठी बसवणे ही त्यांची खरी करामत. 'गुड्डी'तला वाणी जयराम यांनी गायलेला मियाँमल्हार ऐकला की हे पटते.

चित्रपटांच्या यादीत एक गोष्ट हटकून सुटते. ऑक्टोबर १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात 'मैत्रीं भजत' हे कांचीच्या परमाचार्यांचे संस्कृत शांतिगीत गायले. त्याची चाल देसायांची. कर्नाटक संगीतातील इतक्या मोठ्या गायिकेसाठी कुडाळकडच्या माणसाने चाल बांधावी, याचे कौतुक आपल्याकडे फारसे झाले नाही. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. नाट्यसंगीताच्या रसिकांनी 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'जय जय गौरीशंकर' या नाटकांतील त्यांची पदे अवश्य ऐकावीत.
— संपा.