इन्शुलिन पंप आणि मधुमेही जलतरणपटू : उपकरणाच्या निवडीचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

वैद्यकीय उपकरणाचा इतिहास बहुधा त्याच्या संशोधकांच्या अंगाने लिहिला जातो. ते उपकरण अंगावर वागविणाऱ्या रुग्णाचे जीवन त्यात अभावानेच आढळते. इन्शुलिन पंप हे याचे बोलके उदाहरण होय. हे यंत्र प्रारंभी रुग्णालयातील खाटेवरच्या रुग्णासाठी कल्पिले गेले. पुढे हिंडत्याफिरत्या रुग्णासाठी त्याचा आकार लहान करण्यात आला. पाण्यात उतरणाऱ्या रुग्णाचा विचार मात्र फार उशिरा झाला. नियमित पोहणाऱ्या मधुमेही व्यक्तीने कोणता पंप निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा वाटतो. वस्तुतः त्यामागे सुमारे सहा दशकांचा इतिहास उभा आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा आढावा घेऊन निवडीचे निकष मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पंपाची पूर्वपीठिका :

१९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिनचा शोध लावला. जेम्स कॉलिप यांनी ते शुद्ध केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला ते प्रथम देण्यात आले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात अटळ असलेला मृत्यू त्यामुळे टळला. निरोगी स्वादुपिंड इन्शुलिन अखंड स्रवते. टोचून घेतलेले इन्शुलिन मात्र ठरावीक वेळीच शरीरात जाते. ही तफावत पुढील चार दशके कायम राहिली.

१९६० च्या दशकाच्या प्रारंभी लॉस एंजेलिस येथील अर्नोल्ड कॅडिश यांनी पाठीवरील पिशवीएवढ्या आकाराचे इन्शुलिन यंत्र तयार केले. ते व्यवहारात येणे शक्य नव्हते. १९७० च्या दशकात अमेरिकेत डीन केमन यांनी अंगावर बाळगता येईल असा पंप विकसित केला. १९७८ मध्ये लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील जॉन पिकअप, हॅरी कीन व सहकाऱ्यांनी त्वचेखाली अखंड इन्शुलिन देण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि या उपचाराला शास्त्रीय अधिष्ठान लाभले.

१९८३ ते १९९३ या काळात अमेरिका व कॅनडा येथे १,४४१ रुग्णांवर झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने रक्तशर्करेच्या काटेकोर नियंत्रणाचे महत्त्व निर्विवादपणे सिद्ध केले. डोळे, मूत्रपिंड व मज्जातंतू यांचे विकार त्यामुळे लक्षणीय प्रमाणात घटले. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही दाखविली. काटेकोर उपचार घेणाऱ्यांत रक्तशर्करा धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. जमिनीवर अशा वेळी माणूस खाली बसू शकतो. पाण्यात त्याला बसायला जागा नसते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

जलतरणपटूचा प्रवेश :

अमेरिकन जलतरणपटू गॅरी हॉल (कनिष्ठ) यांना १९९९ मध्ये पहिल्या प्रकारचा मधुमेह असल्याचे निदान झाले. सर्वोच्च पातळीवरील त्यांचे पोहणे आता संपले, असेच त्यांना प्रथम सांगण्यात आले. दुसऱ्याच वर्षी, सिडनी ऑलिंपिकमध्ये, त्यांनी ५० मीटर मुक्तशैलीत अँथनी एर्विन यांच्यासह संयुक्त सुवर्णपदक मिळविले आणि २००४ मध्ये अथेन्स येथे ते पुन्हा याच प्रकारात विजयी झाले. मधुमेही म्हणजे जपून बसणारा रुग्ण, या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

याच सुमारास पंपनिर्मात्यांनीही पाण्याकडे लक्ष वळविले. २००२ नंतर अमेरिकेत आलेला डेल्टेक कोझ्मो हा पंप जलरोधक होता. ॲनिमास कंपनीच्या पंपांना १२ फूट (सुमारे ३.६ मीटर) खोलीपर्यंत २४ तासांची हमी होती. २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ओम्निपॉडने नळीच काढून टाकली. त्वचेवर चिकटविलेला हा पंप २५ फूट (सुमारे ७.६ मीटर) खोलीवर एक तास टिकू शकतो, त्याचा हातातील नियंत्रक मात्र जलरोधक नव्हता.

तथापि ही प्रगती एकरेषीय नव्हती. कोझ्मोची विक्री २००९ मध्ये थांबली आणि ॲनिमासने २०१७ मध्ये पंपाचा व्यवसाय बंद केला. पाण्याला सर्वाधिक योग्य मानलेली दोन्ही यंत्रे तांत्रिक दोषामुळे नव्हे, तर व्यापारी निर्णयामुळे गेली. चांगले यंत्र टिकतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

निवडीचे निकष :

१) जलरोधकतेचा अर्थ : आंतरराष्ट्रीय मानकानुसार 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटे, 'आयपीएक्स ८' म्हणजे त्याहून अधिक, निर्मात्याने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत. ही चाचणी नव्या यंत्रावर, स्थिर व स्वच्छ पाण्यात होते. सूर मारतानाचा आघात, क्लोरीन किंवा पंपाच्या कवचाला गेलेली बारीक चीर तिच्यात मोजली जात नाही.

२) पंप काढण्याचा कालावधी : पंपात केवळ जलद परिणामाचे इन्शुलिन असते, शरीरात त्याचा साठा राहत नाही. नळीचा पंप काढून तासभर पोहणे बहुधा शक्य असते. दोन-तीन तासांच्या सरावात मात्र इन्शुलिनचा अभाव होऊन कीटोन वाढण्याचा धोका असतो. त्यामुळे काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने मूळ मात्रेचा काही भाग दीर्घ परिणामाच्या इंजेक्शनद्वारे घेतात आणि पंप निर्धास्तपणे काठावर ठेवतात. काठावरच्या उन्हात तापलेले इन्शुलिन निकामी होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे.

३) नळी की चिकटपट्टी : नळीचा पंप काढून पुन्हा जोडता येतो. चिकटपंप पाण्यात सुटला, तर त्यातील इन्शुलिनसह तो वाया जातो. मात्र तो टिकला, तर इन्शुलिन खंडित होत नाही. लांब अंतर पोहणाऱ्यास दुसरा, तर थोडा वेळ पोहणाऱ्यास पहिला प्रकार सोयीचा ठरू शकतो.

४) स्वयंचलित प्रणाली : २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या मिनीमेड ६७०जी पासून संवेदकाच्या नोंदीनुसार इन्शुलिन कमीअधिक करणारे पंप आले. परंतु संवेदकाच्या बिनतारी लहरी पाण्यातून फारशा जात नाहीत. जेथे या संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमके तेथेच ते दुबळे पडते. दीर्घ पोहण्याने शर्करा घसरते, तर अल्प अंतराच्या तीव्र स्पर्धेत ती वाढूही शकते. घाम व थरथर ही धोक्याची चिन्हे पाण्यात जाणवत नाहीत. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी व नंतर तपासणी, काठावर साखर आणि परिस्थिती जाणणारा सोबती यांना पर्याय नाही.

५) सेवा व सातत्य : सुटे भाग, नळ्या व दुरुस्ती आपल्या शहरात किती वर्षे मिळतील, हा प्रश्न वरील इतिहासामुळे गौण राहत नाही.

समारोप :

प्रारंभी यंत्राने रुग्णाला बांधून ठेवले. पुढे रुग्णाने यंत्राला आपल्यामागून पाण्यात यायला भाग पाडले. सर्वांत खोल जाणारा पंप हा सर्वोत्तम पंप, असे समीकरण मात्र मांडता येत नाही. तलावाची खोली दोन-तीन मीटर असते. खरा प्रश्न वेळेचा, इन्शुलिनच्या सातत्याचा आणि सावधगिरीचा आहे. पोहणारा किती वेळ, किती वेगाने व कोणाच्या सोबतीने पोहतो, हे आधी ठरावे, यंत्र त्यानंतर.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. पहिल्या प्रकारचा मधुमेह बहुधा बालपणी वा तारुण्यात प्रकटतो. कमरेला पंप लावलेला विद्यार्थी जलतरण संघाच्या निवडीसाठी समोर उभा राहिला, तर सुरक्षिततेच्या नावाखाली त्याला परत पाठविणे सोपे असते. १९९९ मध्ये एका जलतरणपटूला दिलेला सल्ला असाच सोपा होता आणि पुढच्याच वर्षी तो चुकीचा ठरला. तेव्हा अशा विद्यार्थ्याला नकार देण्याऐवजी काठावर कोण उभे राहील, याची व्यवस्था करणे हेच अधिक उचित होय.