मिग-२५ मधल्या व्हॅक्यूम ट्यूब : हेतू की योगायोग?

संशोधनाला लागलात की एक प्रश्न वारंवार समोर येतो. एखाद्या गोष्टीचा फायदा झाला, म्हणून ती त्या फायद्यासाठीच केली होती असं म्हणता येईल का? आज त्यासाठी लष्करी इलेक्ट्रॉनिक्सच्या इतिहासातले दोन दावे पाहू. दोन्ही तुम्ही कुठे ना कुठे ऐकले असतील. यातला एक तपासणीत टिकला, दुसरा डळमळतो.

आधी थोडं भौतिकशास्त्र

९ जुलै १९६२. अमेरिकेने प्रशांत महासागरात जॉन्स्टन बेटावरून रॉकेट सोडून सुमारे ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा अणुस्फोट केला. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. इतक्या उंचीवर हवा जवळपास नसतेच, त्यामुळे जमिनीवर धक्का किंवा आग काहीच पोहोचत नाही. पण स्फोटातले गॅमा किरण खाली येऊन साधारण २० ते ४० किमी उंचीवरच्या हवेला धडकतात आणि अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतात. कॉम्पटन परिणाम तुम्ही बीएस्सीला शिकलाच आहात, तोच हा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या वेगवान इलेक्ट्रॉनांना वळवतं आणि त्यातून रेडिओ लहरींचा प्रचंड झटका तयार होतो. यालाच विद्युतचुंबकीय स्पंद किंवा ईएमपी म्हणतात. लांब तारा या स्पंदासाठी अँटेनासारखं काम करतात.

किती लांबपर्यंत? स्फोटाच्या जागेवरून जिथवर क्षितिज दिसेल तिथवर. पायथागोरसने स्वतः काढून बघा : ४०० किमी उंचीसाठी उत्तर साधारण २,३०० किमी येतं. हवाई बेटं सुमारे १,४०० किमीवर होती.

दावा पहिला : हवाईतले पथदिवे ईएमपीने गेले

त्या रात्री ओआहू बेटावर सुमारे ३०० पथदिवे बंद पडले. ईएमपीवरच्या प्रत्येक लेखात हे वाक्य सापडतं. पण एकाच वेळी घडलं म्हणजे त्याचमुळे घडलं असं होत नाही ना! सँडिया प्रयोगशाळेतल्या चार्ल्स व्हिटिटो यांनी हाच प्रश्न घेऊन १९८९ मध्ये, म्हणजे २७ वर्षांनी, एक अहवाल लिहिला. बंद पडलेले दिवे सुटे नव्हते, सिरीजमध्ये जोडलेल्या तीसेक माळा होत्या. त्यांच्या जोडणीत स्पंदामुळे किती व्होल्टेज निर्माण होऊ शकलं असतं आणि तेवढ्याने फ्यूज जाईल का, हे त्यांनी गणिताने तपासलं. उत्तर आलं : हो, जुळतं.

सगळ्यांना आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा तपासणं हेही संशोधनच आहे.

दावा दुसरा : रशियनांनी मुद्दाम ट्यूब वापरल्या

६ सप्टेंबर १९७६ रोजी सोव्हिएत पायलट व्हिक्टर बेलेन्को आपलं मिग-२५ घेऊन जपानमधल्या हाकोदाते विमानतळावर उतरला. परत देण्याआधी तज्ज्ञांनी ते विमान सुटं करून तपासलं. त्या काळातलं सर्वांत वेगवान लढाऊ विमान, आणि रडारमध्ये चक्क व्हॅक्यूम ट्यूब! आधी याची थट्टा झाली. मग दुसरी कथा रूढ झाली की हा मागासलेपणा नसून हुशारी आहे, कारण ट्यूब ईएमपीला दाद देत नाहीत.

यातलं भौतिकशास्त्र बरोबर आहे. ट्रान्झिस्टरमधले अर्धवाहकाचे थर अतिशय पातळ असतात आणि थोड्या जास्त ऊर्जेने ते कायमचे जळतात. ट्यूबमध्ये धातूचे इलेक्ट्रोड आणि मधे पोकळी असते, त्यामुळे ठिणगी पडून गेली तरी बहुधा ती पुन्हा चालू होते. पण प्रश्न हेतूचा आहे.

आधी तारखा बघू. मिग-२५ चं पहिलं उड्डाण मार्च १९६४ मध्ये झालं. त्याचा स्मेर्च-ए रडार तुपोलेव्हच्या तू-१२८ या विमानाच्या रडारवरून सुधारून घेतलेला होता, आणि तू-१२८ मार्च १९६१ मध्येच उडालं होतं. म्हणजे मूळ रडारची आखणी स्टारफिशच्या आधीची. अर्थात, अणुस्फोटातून विद्युत झटका येतो हे त्याआधीही माहीत होतं, त्यामुळे नुसत्या तारखांनी निकाल लागत नाही.

मग पर्यायी कारणं शोधू. या रडारला जॅमिंगवर मात करण्यासाठी प्रचंड शक्तीची लहर सोडायची होती, आणि १९६० च्या सुमाराच्या ट्रान्झिस्टरना ते शक्यच नव्हतं. त्यावेळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेत टिकत नसत, आणि हे विमान तर ध्वनीच्या अडीचपट वेगापलीकडे जाणारं. शिवाय सोव्हिएत अर्धवाहक उद्योग मागे होता. ईएमपीचं नाव न घेताही ट्यूबचं स्पष्टीकरण पूर्ण होतं.

शेवटी संपूर्ण यंत्रणा बघू. मिग-२५ ला लक्ष्यापर्यंत जमिनीवरून मार्गदर्शन मिळायचं. जमिनीवर काय होतं हे सोव्हिएत शास्त्रज्ञांनी २२ ऑक्टोबर १९६२ ला कझाकस्तानवरच्या ३०० किलोटनच्या चाचणीत पाहिलं होतं. सुमारे ५७० किमी लांबीची टेलिफोन लाइन फ्यूज आणि संरक्षक बसवलेले असूनही निकामी झाली. रडार वाचला आणि त्याला दिशा देणारं केंद्र गेलं, तर उपयोग काय?

हे एवढं महत्त्वाचं का?

कारण या कथेतून 'जुनं ते सुरक्षित' असा धडा घेतला जातो, आणि तो धोक्याचा आहे. खरं संरक्षण आखावं लागतं आणि तपासावं लागतं. धातूचं अखंड आवरण, आत शिरणाऱ्या प्रत्येक तारेवर झटका अडवणारी साधनं, आणि मग प्रत्यक्ष चाचणी. अमेरिकेने न्यू मेक्सिकोत कर्टलंड तळावर यासाठी ट्रेसल नावाचा सुमारे बारा मजली उंच लाकडी मंच बांधला. बोल्टसुद्धा लाकडाचे, कारण धातूने विद्युत क्षेत्र बिघडलं असतं. त्यावर बी-५२ सारखी अख्खी बॉम्बर विमानं उभी करून कृत्रिम स्पंद सोडले जात.

तर तुमच्या विषयात असा दावा आला की तीन गोष्टी विचारा. तारखा जुळतात का? साधं पर्यायी कारण आहे का? आणि हेतू तोच असता, तर बाकीच्या यंत्रणेत त्याच्या खुणा दिसल्या असत्या का?

मिग-२५ पुरतं बोलायचं तर रडारच्या मूळ मागणीपत्रकात स्पंद सहन करण्याची अट कुणी दाखवली, तर माझा युक्तिवाद तिथेच संपेल. गृहीतक मांडताना ते कशाने पडेल हेही लिहून ठेवा. गाइडने विचारायच्या आत.