सोंगटीची किंमत

काही वर्षांपूर्वी एका नाणे-प्रदर्शनात मी तांब्याची एक चकती विकत घेतली. एका बाजूला फ्रान्सचा राजा पंधरावा लुई, दुसऱ्या बाजूला झाड पाडण्यात गुंतलेले बीव्हर आणि खाली १७५४ हे साल. विक्रेत्याने 'फ्रेंच अमेरिकेचे जुने नाणे' म्हणून ती दिली, मीही तशीच घेतली. घरी येऊन भिंगाखाली पाहिले, तर तिच्यावर किंमत कुठेच नव्हती. ती नाणे नव्हतीच. तिला फ्रेंचमध्ये 'जेतों' म्हणतात.

'टाकणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हे नाव पडले. मुळात ही हिशेबाची सोंगटी. मध्ययुगीन युरोपात आकडे रोमन पद्धतीने लिहीत आणि त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे होते. म्हणून रेघा आखलेल्या पटावर सोंगट्या मांडून हिशेब करीत आणि उत्तर तेवढे वहीत उतरवून घेत. फ्रेंच चलनात १२ दनिएंचा एक सू आणि २० सूंचा एक लिव्र. दनिएच्या घरात बारा सोंगट्या झाल्या की त्या उचलायच्या आणि सूच्या घरात एक ठेवायची. आपण 'हातचा' धरतो तसेच. तीच सोंगटी एका घरात एक दनिए आणि लिव्रच्या घरात २४० दनिए. तिला स्वतःची किंमत नाही; जागा देईल ती किंमत. दरबारी माणसांचेही असेच असते, हे ग्रीक इतिहासकार पॉलिबिअसने ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातच लिहून ठेवले आहे.

तेराव्या शतकापासून फ्रेंच राजघराण्याच्या हिशेबासाठी अशा सोंगट्या पाडल्या जाऊ लागल्या. त्यांवर राजचिन्ह असलेली लिलीची फुले दिसतात. मध्ययुगातल्या काही सोंगट्यांवरचे लेख मात्र अगदी व्यवहारी आहेत. एकीवर 'हिशेबात चूक करू नका' अशी ताकीद, तर दुसरी स्वतःच सांगते, 'मी पितळेची आहे'. पितळेची चकती नाणे म्हणून खपवली जाण्याची शक्यता होतीच.

या सोंगटीचे मूळ काम संपवले ते भारतीय अंकांनी. अरबांमार्फत युरोपात पोचलेल्या या अंकांतही किंमत जागेवरूनच ठरते. आपले एकं, दहं, शतं म्हणजे पटावरची घरेच, आणि पटावरचे रिकामे घर म्हणजे आपले शून्य. फरक इतकाच, की आता पटाची गरज उरली नाही, कागद पुरला. हा बदल सावकाश झाला. मोलिएरच्या १६७३ मधील 'काल्पनिक रोगी' या अर्थाच्या नाटकाचा नायक पडदा उघडतो तेव्हा औषधवाल्याच्या बिलाचा हिशेब सोंगट्या मांडूनच करत असतो.

काम गेले तरी मान राहिला, किंबहुना वाढला. राजाच्या खजिन्यासाठी, नौदलासाठी, युद्धखात्यासाठी दरवर्षी नवे जेतों पाडले जात आणि चांदीचे जेतों नववर्षाची भेट म्हणून वाटले जात. फ्रेंच अकादमीत सभासदांना हजेरीबद्दल चांदीचा जेतों मिळे. मंत्री कोलबेरने १६६३ मध्ये विद्वानांची एक छोटी मंडळी नेमली. पदके, शिलालेख आणि जेतों यांसाठी चित्रकल्पना व लॅटिन बोधवाक्ये सुचवणे हे तिचे काम. पुढे तिचीच राजमान्य अकादमी झाली. 'हिशेबात चूक करू नका' सांगणारी सोंगटी आता राजाची स्तुती करू लागली.

माझी चकती या स्तुतिमालेतली. १७५१ ते १७५८ या काळात अमेरिकेतील फ्रेंच वसाहतींसाठी जेतोंची एक मालिका निघाली. १७५१ च्या जेतोंवर लिलीच्या फुलांजवळ अमेरिकेचा मूळ रहिवासी उभा आहे आणि लेख सांगतो, ही फुले कोणत्याही ताऱ्याखाली वाढतात. १७५४ चे बीव्हर म्हणतात, आम्ही धातूंपेक्षा कमी नाही. स्पेनला अमेरिकेत चांदीच्या खाणी मिळाल्या होत्या. फ्रान्सला मिळाली बीव्हरची कातडी, जिच्या लोकरीपासून युरोपात उंची टोप्या बनत. १७५५ मध्ये सोनेरी लोकर आणणारे ग्रीक पुराणातले जहाज आले. १७५६ मध्ये मधमाश्या आल्या, जागा बदलली तरी वृत्ती न बदलणाऱ्या. १७५८ मध्ये समुद्रावरून उडणारे पक्षी आले. पराक्रम समुद्रापलीकडेही तोच, असे तिथला लेख सांगतो.

आता त्याच वसाहतीचा हिशेब पाहू. कॅनडात नाण्यांची टंचाई जुनी होती. १६८५ मध्ये सैनिकांचा पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून तिथल्या अधिकाऱ्याने पत्त्यांवर सही-शिक्के करून तेच चलन म्हणून वाटले होते. कागदी देण्यांची सवय पुढेही सुटली नाही. पक्षी उडाले त्याच्या पुढच्याच वर्षी, १७५९ मध्ये, क्वेबेक इंग्रजांच्या हाती पडले. त्याच वर्षी फ्रान्सने कॅनडाच्या हुंड्यांचे पैसे देणे थांबवले आणि राजाची चांदीची भांडी वितळवण्यासाठी टाकसाळीत गेली. १७६३ च्या तहात कॅनडा फ्रान्सच्या हातून गेलाच.

युद्ध जेतोंमुळे हरले, असे मला म्हणायचे नाही. पण पटावर हिशेब मांडणाऱ्या माणसाला प्रत्येक घर रिकामे की भरलेले, हे डोळ्यांनी दिसत असे. पटावरून उठून चांदीच्या भेटीत गेलेल्या सोंगटीला ती सक्ती नव्हती. वहीत काय आहे याच्याशी संबंध न ठेवता ती हवे ते बोलू शकत होती. म्हणून राजचिन्हे अभ्यासताना मी आता एकच सवय पाळतो. चिन्ह कशाचे आहे हे समजले, की त्याच सालच्या जमाखर्चाकडे वळायचे.

माझ्या चकतीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. पॅरिसच्या टाकसाळीने हे जेतों पुढच्या काळात पुन्हा पाडले आणि १८८० पासून त्यांच्या कडेवर समृद्धीचे शिंग व धातूचे नाव ठोकले. माझ्या चकतीची कड मी पाहिली होती ती अगदी शेवटी. तिथे शिंग होते आणि 'तांबे' हा अर्थ असलेला फ्रेंच शब्द होता. म्हणजे ती १७५४ ची नाहीच. विक्रेत्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. राजा आणि बीव्हर पाहण्याच्या नादात मीही कड पाहायची विसरलो होतो. 'मी पितळेची आहे' असे सांगणाऱ्या जुन्या सोंगटीसारखीच ही चकतीही आपण कशाची आहोत ते सांगत होती.